‘छाती ४२’ एवढ्या एका आकड्यावर ब्लाउज बसत नाही

खांद्यावरून घसरतो, छातीवर हुकांमध्ये फटी पडतात आणि हात वर केला की सगळा ब्लाउज वर सरकून येतो. मोठ्या मापाच्या बायकांची ही ठरलेली तक्रार. तिच्यात लक्ष देण्यासारखी गोष्ट अशी, की एकच ब्लाउज एकाच वेळी सैलही असतो आणि तंगही. त्यावर शिंपी म्हणतात, “ताई, तुमची फिगरच अशी आहे.” दुकानातली मुलगी म्हणते, “मॅडम, थोडं वजन कमी केलंत की मस्त बसेल.” आणि बायका मान डोलावून पैसे देतात.

मान डोलवायचं काही कारण नाही. सैल आणि तंग एकत्र येतं ते कापणीच्या हिशोबामुळे. तो हिशोब कुठे चुकला हे इंचात दाखवता येतं आणि बहुतेक वेळा दुरुस्तही करता येतं.

आपल्याकडे ब्लाउजचं कटिंग बरेचदा छाती या एकाच आकड्यावर उभं असतं. पद्धत शिवणवर्गागणिक थोडी बदलते, पण ढोबळ हिशोब असा: छातीचा चौथा भाग म्हणजे पुढच्या आणि मागच्या प्रत्येक अर्ध्या भागाची रुंदी, साधारण सहावा भाग म्हणजे मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईची, खोली, बारावा भाग म्हणजे गळ्याची अर्धी रुंदी. छाती ४२ असेल तर रुंदी साडेदहा, मुंढा ७, गळा साडेतीन. या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: छाती वाढली की त्याच प्रमाणात पाठ, खांदा, मान आणि बगलही वाढते. प्रत्यक्षात तसं होत नाही. खांद्याची आणि मानेची रुंदी मुख्यतः हाडांवर ठरते. वजन वाढलं, बाळंतपण झालं, पाळी जाण्याचं वय आलं, तरी खांद्याचं हाड होतं तिथेच राहतं.

म्हणून छाती ४२ असलेल्या दोन बायका समोरासमोर उभ्या करा. एकीची वरची छाती, म्हणजे बगलेतून, स्तनांच्या वरच्या बाजूने घेतलेली छाती, ४० आहे. दुसरीची ३६. पहिलीचा सांगाडा रुंद, दुसरीचा अरुंद आणि पुढचा भाग भरलेला. एकाच हिशोबाने कापलेला ब्लाउज पहिलीला बरा बसेल. दुसरीला खांद्यावरून घसरेल आणि छातीवर ताणेल. दोघींच्या वहीत लिहिलेला आकडा मात्र एकच.

दुसरीसाठी काय करायचं? वरच्या छातीत २ इंच मिळवून, म्हणजे ३८ धरून, खांदा, गळा, मुंढा आणि पाठ कापायची. पाठीचा अर्धा भाग साडेनऊ. आता ३८ आणि ४२ मधला ४ इंचांचा फरक सगळाच्या सगळा पुढच्या भागात घालायचा, प्रत्येक अर्ध्यात २ इंच. पुढचा अर्धा भाग झाला साडेअकरा. साडेनऊ आणि साडेअकरा मिळून २१, त्याची दुप्पट ४२. बेरीज तीच राहिली, वाटणी बदलली. मुंढा सातऐवजी सव्वासहा-साडेसहाला आला, गळा दोन्ही बाजू मिळून जवळजवळ पाऊण इंचाने आटला, खांद्यावरून घसरणं थांबलं. यात ब्लाउज तंग न करता फिटिंग आणायचा सैलपणा, एकूण एक ते दीड इंच, आणि माया, म्हणजे शिवणीच्या आत ठेवायचं जास्तीचं कापड, वेगळी धरायची.

पुढचा भाग नुसता रुंद करून भागत नाही, उंचीही लागते. भरलेल्या छातीवरून खाली जाताना कापडाला जास्त वाट चालावी लागते, त्यामुळे पुढची उंची पाठीपेक्षा एक-दीड इंच जास्त ठेवावी लागते. ती दिली नाही की ब्लाउजचा खालचा काठ पुढून वर चढतो आणि खालची पट्टी स्तनांच्या खाली बसायच्याऐवजी स्तनांवर बसते. बायका मग दिवसभर ब्लाउज खाली ओढत राहतात.

कागदावर कापणाऱ्यांसाठी याची रीत अशी. ३८ च्या हिशोबाने काढलेल्या पुढच्या भागाच्या कागदावर छातीच्या बिंदूची, म्हणजे स्तनाच्या टोकाची, खूण करून घ्या. खालच्या काठापासून सरळ वर या बिंदूपर्यंत एक रेघ आणि तिथून तिरकी मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या भागापर्यंत दुसरी रेघ मारा. या रेघेवर कापा, पण मुंढ्याच्या काठाशी कागद किंचित जोडलेला ठेवा. बाजूच्या शिवणीपासून बिंदूपर्यंत तिसरी रेघ कापा. आता बिंदूपाशी कागद हवा तेवढा, इथे २ इंच, फाकवा. बाजूला आपोआप एक नवा टक, म्हणजे आतून शिवायची निमुळती चुणी, तयार होतो आणि पुढची उंचीही वाढते. मधल्या कडेचा खालचा तुकडा आडवा कापून, बाजूचा काठ जेवढा खाली गेला तेवढाच खाली सरकवा आणि काठ सरळ करून घ्या.

एवढी जागा चार टक्सांच्या साध्या ब्लाउजमध्ये बसवू नये, हे माझं ठाम मत आहे. एक टक दीड इंचापेक्षा जास्त खोल गेला की त्याच्या शेवटाला टोक येतं आणि छाती टोकदार दिसते. भरलेल्या छातीला प्रिन्सेस कट किंवा कटोरी घ्या. त्यात ही जागा शिवणीच्या गोलाईत मुरते. टक्सच हवे असतील तर ते बिंदूच्या एक ते दीड इंच आधी संपवायला सांगा. बिंदूपर्यंत नेलेला टक लहान छातीला चालतो, मोठ्या छातीला नाही.

मापं घेताना

जो ब्लाउज शिवायचा त्याखाली जी ब्रा घालणार, तीच घालून मापं द्या. जुनी, पट्टे सैल झालेली ब्रा असेल तर छातीचा बिंदू एखादा इंच सहज खाली येतो आणि सगळे टक्स चुकीच्या जागी पडतात. ड्रेसवरून, ओढणीवरून माप घेऊ देऊ नका. श्वास आत ओढून उभं राहू नका. टेपखाली बोटं घालून सैल माप घेण्याची बऱ्याच जणांना सवय असते, तीही टाळलेली बरी, कारण सैलपणा नंतर कापताना धरतातच आणि तो दोनदा धरला जातो. टेप अंगाला टेकलेला असावा, रुतलेला नाही.

शिंप्याच्या वहीतल्या नेहमीच्या मापांखेरीज ही मापं घरी काढून कागदावर लिहून न्या: वरची छाती, भर छाती (स्तनांच्या सर्वांत भरलेल्या जागेवरून), छातीखालचा घेर, पुढून एका बगलेच्या रेषेपासून दुसऱ्या बगलेच्या रेषेपर्यंत छातीवरून, खांदा आणि मान जिथे मिळतात तिथून छातीच्या बिंदूपर्यंत, दोन बिंदूंमधलं अंतर, त्याच खांद्यापासून छातीवरून पट्टीपर्यंतची पुढची उंची आणि तशीच पाठीची उंची, दंडाचा घेर हात खाली सोडून आणि हात कोपरात वाकवून, दोन्ही खांद्यांची मापं वेगवेगळी. शेवटचं विसरू नका. एका खांद्यावर वर्षानुवर्षं पर्स किंवा मूल घेतलेल्या बायकांचा एक खांदा खाली असतो, आणि त्याच बाजूचा गळा उघडा पडतो. त्यावर उपाय गळा आवळणं नव्हे, त्या बाजूची खांद्याची शिवण पाव इंच खाली घेणं.

‘मापाचा ब्लाउज’ देऊन मोकळं होण्याची पद्धत मला फारशी पसंत नाही. मापाचा ब्लाउज म्हणजे आधीच्या शिंप्याचा हिशोब, त्याच्या चुकांसकट, शिवाय धुऊन आटलेला किंवा घालून ताणलेला. द्यायचाच असेल तर त्यावर जिथे खटकतं तिथे खडूने खूण करा आणि सोबत मापांचा कागद द्या.

हात वर होत नाही तेव्हा

इथे जरा थांबावं लागेल, कारण हीच दुरुस्ती सर्वांत जास्त वेळा उलटी केली जाते. हात वर होत नाही म्हटलं की शिंपी मुंढा आणखी खोल कापतो. तक्रार वाढते. मग बाई म्हणते की माझे दंडच जाड आहेत.

मुंढा जितका खोल, तितकी बाही आणि अंग यांची गाठ बगलेपासून खाली पडते. मग हात उचलला की बाहीसोबत ब्लाउजची बाजूही वर ओढली जाते. मुंढा बगलेच्या जवळ, साधारण अर्धा ते पाऊण इंच खाली असेल, तर हात एकटाच वर जातो. म्हणजे हात मोकळा हवा तर मुंढा वर हवा आणि बाही रुंद हवी. छाती ४२ म्हणून ७ इंच कापलेला मुंढा आणि त्यात १४ इंचांच्या दंडासाठी बेतलेली बाही, हा जोडच मुळात वाईट.

बाही दंडाच्या घेरापेक्षा ब्लाउजला एक ते दीड इंच आणि कुर्त्याला दोन इंच जास्त ठेवा. दंड १६ असेल तर ब्लाउजची बाही १७ ते साडेसतरा. बाहीच्या डोक्याचा उंचवटा अर्धा इंच कमी केला की बाही तिथे रुंद करता येते आणि मुंढ्याला जोडायची गोलाई तेवढीच राहते. हात खाली असताना बगलेत चार चुण्या दिसतील. दिसू द्या, हात वर करायला लागणारं कापड तेच आहे. बगलेत एकही चुणी नसलेला ब्लाउज फोटोत छान दिसतो, पण स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही.

बाही कुठे संपवायची यावर हजार सल्ले मिळतात, आणि बहुतेक सगळे दंड झाकण्याबद्दल असतात. लपवायचं म्हणून बाही लांब करायची गरज नाही. शिवणीच्या दृष्टीने अडचण एवढीच, की बाहीचा काठ दंडाच्या सर्वांत रुंद जागी आला तर तो तिथे टिकत नाही, गुंडाळून वर सरकतो. म्हणून त्या जागेच्या एक इंच वर किंवा एक इंच खाली संपवा. बिनबाह्यांचा हवा असेल तर बिनबाह्यांचा शिवा. फक्त मुंढ्याला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावायला सांगा, म्हणजे काठ पसरणार नाही.

तयार झालेला ब्लाउज बगलेत अडकत असेल आणि माया शिल्लक नसेल, तर कळी घालता येते. बगलेपासून बाहीची शिवण ३ इंच आणि बाजूची शिवण ३ इंच उसवा. त्या फटीत ६ इंच लांब, मधे २ इंच रुंद, दोन्ही टोकांना निमुळता असा तुकडा बसवा, चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीसाठी धरून. त्याच कापडाचा नसला तरी चालतो, बगलेत दिसत नाही. तुकडा उरेब कापला तर आणखी मऊ बसतो. जुन्या पद्धतीच्या कुडत्यांना बगलेत असा तुकडा मुळातच असायचा, त्यामुळे सरळ कापलेल्या कापडातही हात मोकळा फिरायचा.

चुण्या कुठे पडल्यात ते बघा. आरशासमोर उभं राहिल्यावर नजर पोटावर जाते, ती कापडावर आणा. छातीच्या बिंदूपासून बगलेकडे तिरक्या चुण्या असतील तर पुढच्या भागात जागा कमी. बिंदूपासून बिंदूपर्यंत आडवी ताणलेली रेघ असेल तरी तेच. पाठीवर मानेखाली आडवी गुंडाळी पडत असेल तर पाठीची उंची जास्त झाली. बाही दंडावर आडव्या कड्यांनी आवळत असेल तर घेर कमी. मुंढा पुढून उघडा पडून ब्रा दिसत असेल तर तो सैल नाही, तिथलं जास्तीचं कापड टकात जायला हवं होतं. दोन्ही हात स्कूटरच्या हँडलला धरल्यासारखे पुढे केल्यावर पाठ फाटेल असं वाटलं, तर पाठीच्या रुंदीत अर्धा इंच हवा.

रेडिमेड घेताना

एल, एक्सएल, डबल एक्सएल हे आकडे कुणाच्या अंगावरून ठरले, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत १९३९-४० मध्ये तिथल्या कृषी खात्याने सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली, पण गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं हिशोबातून वगळली. त्या आकड्यांवर बेतलेलं प्रमाण १९५८ मध्ये आलं आणि ते कुणाला नीट लागू पडेना म्हणून १९८३ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यानंतर प्रत्येक कंपनीने आपापला तक्ता ठरवला. आपल्याकडे निफ्ट या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने इंडियासाइझ प्रकल्पात सहा शहरांमधल्या २५,००० लोकांची थ्री-डी स्कॅनरने मापं घेण्याचं काम हाती घेतलं, तेही याचसाठी: भारतीय अंगांवर बेतलेला तक्ताच आपल्याकडे नव्हता. तेव्हा एका दुकानात एक्सएल आणि शेजारच्या दुकानात थ्री एक्सएल लागला, तर तुमच्या अंगात काहीही बदललेलं नाही.

मोठ्या मापांचं आणखी एक दुखणं आहे. कंपन्या मधल्या मापाचा एक नमुना बनवतात आणि बाकीची मापं त्यातून ठरावीक वाढ देत काढतात. छाती दोन इंचांनी वाढवली की खांदाही पाव ते अर्धा इंच वाढतो. असं चार-पाच पायऱ्या गेलं की खांदा दंडावर लोंबायला लागतो, गळा पसरतो, बाह्या बोटांपर्यंत येतात. इथेही गृहीत तेच.

म्हणून टॅगवरचं अक्षर सोडा, सेंटिमीटर बघा. ते अंगाचं माप आहे की कपड्याचं, हेही बघा. अंगाचं लिहिलेलं असेल तर सैलपणा कपड्यात आधीच धरलेला असतो. कपड्याचं असेल तर साध्या सुती कुर्त्याला आपल्या छातीपेक्षा ३ ते ४ इंच आणि सीटपेक्षा २ ते ३ इंच जास्त हवेत. सगळ्यात सोपं म्हणजे नीट बसणारा एक कुर्ता घरी पलंगावर पसरून बगलेपासून बगलेपर्यंत, कमरेवर आणि कट सुरू होतो तिथे मोजायचा आणि हे तीन आकडे फोनमध्ये ठेवायचे. दुकानात ट्रायल रूम नसली तरी टेपने काम होतं. तुळशीबागेत किंवा दादरच्या हिंदमाताला उभ्या उभ्या कपडे घेताना याचा फार उपयोग होतो.

कुठलं माप जुळवायचं? कापड काढून टाकता येतं, आणता येत नाही, म्हणून सहसा छातीला बसणारा घ्या आणि खांदा आत घ्या. त्यासाठी बाह्या उसवून खांद्याला अर्धा ते पाऊण इंच कापून बाह्या परत जोडाव्या लागतात. साध्या कुर्त्यात हे काम कुठलाही शिंपी करतो. खांद्यावर किंवा बाहीच्या डोक्यावर भरतकाम असेल, किंवा अस्तर असेल, तर मात्र त्या वाटेला जाऊ नका, तो कुर्ता तिथेच ठेवा.

कुर्ता छातीला, कमरेला बरोबर आणि फक्त सीटवर अडकत असेल तर मोठं माप घेऊच नका. बाजूचे कट दीड इंच वर उसवा, कडा दुमडून टीप मारा आणि कटाच्या टोकाला चार-पाच वेळा उलटसुलट पक्की टीप घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. ही पक्की टीप नसली की खाली बसताना कट तिथून फाटत जातो, कारण बसल्यावर सीटचा घेर दीड-दोन इंचांनी वाढतो. सीटचं माप म्हणूनच उभं राहून आणि बसून, दोन्ही वेळा घ्यायचं.

सैल करण्याचा हिशोबही माहीत असावा. बाजूच्या दोन्ही शिवणींत प्रत्येक पदरात अर्धा इंच माया सोडवता आली तर एकूण दोन इंच मिळतात. रेडिमेड कुर्त्यात एवढी माया क्वचितच असते, आणि इंटरलॉक करताना ती कापून टाकलेली असते. शिंप्याकडून शिवताना प्रत्येक पदरात एक ते दीड इंच माया ठेवायला सांगा. रेशमी कापडात जुन्या शिवणीच्या सुईची भोकं राहतात, रंगही तिथे गडद दिसतो. ते वाफेने थोडं कमी होतं, पूर्ण जात नाही.

‘बारीक झाल्यावर घालीन’ म्हणून दोन इंच कमी शिवलेला ब्लाउज बऱ्याच कपाटांत असतो. तसं शिवू नये, असं मी कळकळीने सांगेन. आजच्या अंगाच्या मापाने शिवा, आत माया ठेवा. पुढे वजन कमी झालं तर आत घेणं अर्ध्या तासाचं काम आहे. वाढलं तर माया आहेच. आजचं अंग हेच आजच्या लग्नाला जाणार आहे, त्याला आज नीट बसणारं काहीतरी हवं.

कमरेखाली

पँट किंवा लेगिंग खाली बसल्यावर मागून घसरत असेल तर बेल्ट आवळून उपयोग होत नाही. कंबर सैल नसते, मागचं आसन, म्हणजे कमरेपासून पायांमधल्या शिवणीपर्यंतचा भाग, उंचीला कमी पडत असतं. सीट भरलेली असली की कापडाला मागून जास्त उंची लागते. पोट पुढे असेल तर तीच गरज पुढच्या आसनाला असते, आणि ती भागली नाही की पट्टा पोटाखाली उतरतो. शिवून घेताना कमरेच्या पुढच्या मधल्या बिंदूपासून पायांमधून मागच्या मधल्या बिंदूपर्यंत टेप धरा आणि पुढचा किती, मागचा किती हे वेगळं लिहा. पट्टा पुढून सपाट आणि मागून इलॅस्टिकचा ठेवा, कारण पोटाचा घेर उभं राहताना आणि बसताना दोन-तीन इंचांनी बदलतो. मांड्या घासून कातडी सोलत असेल तर ड्रेसखाली गुडघ्याच्या वरपर्यंतची सुती-लायक्राची शॉर्ट घाला. उन्हाळ्यात पावडरपेक्षा ती जास्त वेळ टिकते.

परकराच्या नाडीबद्दल थोडं गंभीरपणे. बारीक गोल नाडी रोज एकाच जागी घट्ट बांधली की तिथे काळा पट्टा पडतो, खाज येते, कधी कातडी फाटते. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी बीएमजे केस रिपोर्ट्स या वैद्यकीय नियतकालिकात अशा दोन वयस्क बायकांची नोंद प्रसिद्ध केली. अनेक वर्षं कमरेला आवळलेल्या गाठीच्या जागी न भरणारी जखम झाली होती आणि तिथे त्वचेचा कॅन्सर निघाला. त्यातली एक परकराशिवाय लुगडं नेसणारी होती. असं विरळाच घडतं, पण भरत नसलेली जखम असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवी. परकराला नाडी ओवायचा नेफा दीड-दोन इंच रुंद घ्या, नाडी चपटी वापरा किंवा नाडीऐवजी रुंद पट्टा आणि दोन हुक लावा, आणि बांधायची जागा रोज थोडी वर-खाली करा. साडी जड असेल तर गाठ आवळण्याऐवजी निऱ्यांना पिन जास्त लावा.

कापड किती लागेल

साडीतला ब्लाउज पीस साधारण ८० सेंटिमीटरचा असतो आणि ४२ च्या पुढे कोपरापर्यंतची बाही त्यात अनेकदा निघत नाही. शिंपी मग मायेवर कात्री चालवतो किंवा मुंढ्याच्या कडेला तडजोड करतो, आणि हे आपल्याला कळत नाही. आधीच विचारा. कमी पडत असेल तर बाह्या दुसऱ्या कापडाच्या करा, किंवा आतल्या पट्ट्या आणि गळ्याची पायपिंग वेगळ्या कापडाची करून मूळ कापड बाहीसाठी वाचवा. सुटं कापड घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बघा: ३६ इंच पन्ह्यात सव्वा मीटर, ४४ इंच पन्ह्यात एक मीटर. सुती कापड आणि अस्तर दोन्ही शिवण्याआधी दोन-तीन तास पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. अस्तर न भिजवता शिवलं की पहिल्या धुण्यात ते आटतं, वरचं कापड फुगतं, आणि माप बरोबर असूनही ब्लाउज तंग होतो.

शिंप्याशी बोलताना ‘जरा सैल ठेवा’ असं सांगू नका, त्यातून तो सगळीकडे सैल करतो. जागा आणि इंच सांगा: “दादा, खांदा साडेचौदाच ठेवा, मुंढा साडेसहापेक्षा खोल कापू नका, पुढच्या भागात पाठीपेक्षा दोन-दोन इंच जास्त धरा.” वजनाबद्दल बोलणं निघालं तर, “ते राहू दे, मापं लिहून घ्या,” एवढं पुरतं. चांगले कारागीर अशा गिऱ्हाइकावर चिडत नाहीत, उलट त्यांचं उसवण्याचं काम वाचतं. जो तरीही अंगावरच बोलत राहील, त्याला कापड देऊ नका.

लग्नाचे ब्लाउज किमान तीन आठवडे आधी टाका आणि कच्च्या टिपेवर ट्रायल मागा, हुक आणि काजे लावण्याच्या आधी. ट्रायलला नुसतं आरशासमोर उभं राहू नका. केस बांधल्यासारखे दोन्ही हात डोक्यामागे न्या, जमिनीवर मांडी घालून बसा, वाकून पायातली चप्पल सरळ करा, खोल श्वास घ्या. जिथे ओढतं तिथे लगेच टाचणी लावून घ्या. हुक एक इंचापेक्षा जास्त अंतरावर लावू देऊ नका, आणि छातीच्या बिंदूच्या बरोबर समोर एक हुक यायलाच हवा. फटी तिथूनच सुरू होतात.

सगळं जमलं की त्या ब्लाउजचं कटिंग ब्राउन पेपरवर उतरवून मागा, वरचे पैसे देऊन. त्यावर तारीख, वरची छाती आणि भर छाती लिहून ठेवा. पुढे अंगात फरक पडला की ही दोन मापं पुन्हा घ्या. वरची छाती तीच असेल तर पाठ, खांदा, गळा, मुंढा सगळं त्या कागदावरून जसंच्या तसं कापायचं आणि फक्त पुढचा भाग नव्याने काढायचा.